दादाच्या वजनाची फ्रेम

सायकलची फ्रेम करायची तर आधी माणूस तोलावा लागतो, हे धाकटीला दादानेच शिकवलं होतं. नळ्या बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. खरी गोम आत असते. पितळ वितळवून जोड झाळताना आच सोसावी म्हणून टोकांना जाड आणि मध्ये पातळ. किती पातळ, ते बसणाऱ्याच्या वजनावर. भारी माणसाखाली पातळ नळी लचकते, आणि हलक्या माणसाला जाड नळी दिली तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट त्याच्या हाडांत जातो. "गिऱ्हाईक वजन सांगताना हमखास खोटं बोलतं," दादा म्हणायचा, "आपण काट्यावर उभं करायचं." मग भलेभले पोट आत ओढून काट्यावर चढायचे, जणू काटाही लाजेकाजेने दोन किलो कमी दाखवणार होता.

तोच दादा आता आजारी होता. जन्मभर लोकांच्या फ्रेमा केल्या आणि स्वतः मात्र उरल्यासुरल्या तुकड्यांच्या सायकलवर फिरला. म्हणून धाकटीने आपण होऊन त्याच्यासाठी फ्रेम करायला घेतली होती. घरात आजाराबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. वहिनी रोज म्हणायची, "आज चेहरा जरा बरा दिसतोय हं," आणि दादा मान डोलवायचा. डॉक्टर काय म्हणाले, हे विचारायचा धीर धाकटीलाही झाला नव्हता.

त्या सकाळी दादा दम खात कारखान्यात आला, बाकावर टेकला आणि त्याने नळ्यांचा तक्ता पुढे ओढला. आडवी नळी, तिरपी नळी, बैठकीची नळी, तिन्हींपुढे तिने एकच माप लिहिलं होतं. टोकांना नऊ दशांश मिलिमीटर, मध्ये सहा.

"ही कुणासाठी?" त्याने विचारलं.

"तुझ्यासाठीच की."

"नऊ-सहा-नऊ म्हणजे ऐंशी किलोचा गडी. तो येत नाही आता इथे."

"येईल. अंगाने भरशील तू पुन्हा. आत्ता पातळ घातली तर मग लचकेल."

बोलताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. खरं तर तक्त्यात पातळ नळी लिहायला तिचा हातच धजला नव्हता. तसं लिहिणं म्हणजे दादाला तोंडावर सांगणं, की तू आता बरा होणार नाहीस. बारा वर्षांत नळी निवडताना तिचं कधी चुकलं नव्हतं. ही चूक मात्र तिने समजून उमजून केली होती, मायेपोटी.

दादा उठला आणि काट्यावर उभा राहिला. आत ओढायला पोट होतंच कुठे?

"वाच."

"एक्कावन्न."

"मग एक्कावन्न किलोला काय देतात?"

"सात-चार-सात."

"तसं लिही. घरातले गोड बोलतात, बोलू देत. त्यांना तेवढंच जमतं. पण तू कारागीर आहेस. मला ही फ्रेम भिंतीला टांगायची नाही, चालवायची आहे. आणि माझी हाडं दुखतात गं."

तिने जुना आकडा खोडला. शेजारी नवा लिहिला. मग कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारते तसं तिने विचारलं, "कधीपर्यंत हवी?"

फ्रेमला दीड महिना लागतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. दादा काट्यावरून उतरला.

"पंधरा दिवसांत जमेल?"

डॉक्टर काय म्हणाले ते तिला कळलं. तिला रडू आलं आणि ती त्याच्यासमोरच रडली. दादाने तिला गप्प राहा म्हटलं नाही.

"दहा दिवसांत देते," ती म्हणाली.