गुरुवारची नवरी

तीन वर्षांत थोबेकिलेचं लग्न इतक्या वेळा लागलं होतं, की नवरीचं लाजणं तिला जांभई आवरता आवरताही जमायचं. दर गुरुवारी दुपारी सायीच्या रंगाची ती लांबलचक गाडी वस्तीजवळच्या बाजूच्या रुळावर येऊन थांबायची. सकाळी हत्ती बघून आलेले पाहुणे जीपमधून उतरायचे, थंडगार ओल्या रुमालांनी मानेवरची धूळ पुसायचे आणि बाभळीखालच्या खुर्च्यांवर बसून अस्सल एन्देबेले जमातीचं लग्न बघायचे. नवरी थोबेकिले, नवरा मपोफूंच्या घरातला भेकिम्पिलो, आणि वऱ्हाड म्हणजे उरलेली सगळी वस्ती.

आता अस्सल म्हणजे किती, ते आपसांतलं. खऱ्या लग्नात नवऱ्याकडचा वडीलधारा बोकडाचं पित्त नवरीच्या पायांवर ओततो आणि कुळातल्या मेलेल्यांना एकेकाचं नाव घेऊन सांगतो, की ही पोर आजपासून आपली, हिला ओळखून ठेवा. गुरुवारी पित्ताच्या जागी कोऱ्या चहाने भरलेली पिशवी असायची. बोकड फक्त दाखवायला. दर आठवड्याला जिवानिशी सुटून सुटून तो एवढा माजला होता, की पाहुण्यांच्या टोप्या खायचा. वडीलधारा व्हायचा म्हातारा सिबांदा. तो मपोफूंच्या रक्ताचा नव्हता, तेव्हा त्यांच्या मेलेल्यांना त्याने कुठल्या तोंडाने हाक मारावी? म्हणून तो बुलावायो शहरापासून पाहुणे पुढे बघायला जात त्या धबधब्यापर्यंतची स्टेशनं घ्यायचा. न्यामांडलोवू, ग्वाई, डेटे, ह्वांगे, असं हात वर करून कापऱ्या आवाजात म्हणाला, की खुर्च्यांवरच्या दोन-तीन बायका हमखास डोळे पुसायच्या.

हा थोबेकिलेचा शेवटचा गुरुवार होता. गाडीवर पाहुण्यांची सगळी उठबस बघणाऱ्या रेनेट मॅडमनी तिला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. पुढच्या गुरुवारी पेटी घेऊन यायचं आणि चढायचं. खोल्या आवरायच्या, चहा द्यायचा, आणि प्रिटोरिया, पुढे थेट समुद्रापर्यंत जायचं. काम काही राणीचं नव्हतं, ते तिलाही कळत होतं. पण जन्मल्यापासून तिने ती गाडी जाताना बघितली होती. एकदा तरी तिला आत बसून वस्ती मागे जाताना बघायची होती. याहून मोठं मागणं तिने कधी कोणाकडे मागितलं नव्हतं.

आणि नेमका याच आठवड्यात सिबांदा मोतीबिंदू काढायला बुलावायोला गेला.

कार्यक्रमाची सूत्रं जोसाया काकांच्या हातात होती. हे थोबेकिलेच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून घरातलेही कर्ते तेच. त्यांनी डोकं चालवलं आणि सिबांदाच्या जागी भेकिम्पिलोच्या चुलत आजोबांना बोलावून घेतलं. हे आजोबा, सगळ्यांचे खुलू, दूरच्या चराईवर गुरं घेऊन एकटे राहायचे. वस्तीतली ही गुरुवारची गंमत त्यांनी कधी बघितली नव्हती. ती त्यांना आधी सांगावी असं काकांना सुचलं नाही, कारण जी गोष्ट आपल्याला रोजची ती साऱ्या जगाला ठाऊक असते, अशी काकांची समजूत. परका माणूस पित्त ओततो तेव्हा तो खेळ असतो. घरचा माणूस ओततो तेव्हा काय होतं, याचा विचार करायला काकांना सवड नव्हती. त्यांना खुर्च्या मांडायच्या होत्या.

खुलू पहाटेच येऊन पोचले. झोपडीमागे त्यांनी चराईवरून आणलेला बोकड स्वतःच्या हातांनी कापला. बायकांनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं, पाहुण्यांनी मटण मागितलेलं दिसतंय.

थोबेकिले चटईवर मान खाली घालून बसली होती. पिशवी फुटली आणि पायांवर काहीतरी पडलं ते कोमट होतं. हिरवट, चिकट, आणि त्याचा तो कडू वास थेट घशात गेला. तिने दचकून वर पाहिलं. खुलूंचे डोळे भरून आले होते. ते स्टेशनं घेत नव्हते. ते मपोफूंचे मेलेले एकामागून एक बोलावत होते, पणजोबांपासून गेल्या थंडीत गेलेल्या भावापर्यंत. मागच्या बायकांचं ते जिभेने लुलुलु करणं मध्येच तुटलं. तिच्या आईने अंगावरच्या कापडाने तोंड झाकलं.

उठून पळावं असं तिला वाटलं, पण नावं घेतली जात असताना नवरी उठत नाही. ती बसल्या जागी रडू लागली, आवाज न करता, अंगभर थरथरत. पाहुणे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. कॅमेरे तिच्या तोंडाजवळ आले. रेनेट मॅडमनी छातीवर हात ठेवला.

गाडी गेल्यावर बाभळीखाली सगळे जमले. काकांनी हसत हसत समजावलं, की खुलू, अहो हा खेळ होता, पाहुण्यांसाठी, तीन वर्षं दर गुरुवारी चालतो, तपकिरीच्या देवघेवीसकट. म्हाताऱ्याच्या डोक्यात ते शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला.

“खेळ?” ते म्हणाले. “जोसाया, तीन वर्षं दर गुरुवारी मुलीकडचा म्हणून, पोर दिल्याची खूण म्हणून, तू आमच्या हातची तपकीर घेतलीस. ती तरी खरी होती का?”

तपकीर खरीच होती, आणि चांगल्यापैकी होती.

“मग तुम्ही पोर दिलीत आणि मी तिची ओळख करून दिली. आता मी आमच्या मेलेल्यांना जाऊन काय सांगू?”

रागवायचं तरी कोणावर? कोणी वाईट वागलंच नव्हतं, आणि तरी पोर अडकली होती. थोबेकिले घराकडे वळली तर आई दारात आडवी उभी. आईचा आवाज रडून बसला होता. ती म्हणाली, “तुला आत घेऊ कशी गं? दुसऱ्यांच्या मेलेल्यांनी तुला ओळखलंय. उद्या या नाहीतर त्या घरातलं लेकरू आजारी पडलं, तर सगळे माझ्याकडे बघतील.”

तेव्हा नवरीची रवानगी मपोफूंच्या झोपडीत झाली. खांद्यांवर घोंगडी, डोक्याला फडकं, नजर खाली. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्या नावासारखा शब्दसुद्धा नाही. खुलूंशी बोलायचं तर दुसऱ्याच्या तोंडून. बायका येऊन तिला सूनबाई म्हणून बघून गेल्या. त्यांतल्या अर्ध्या तिच्याबरोबर लहानपणी चिंध्यांची बाहुली खेळलेल्या. हे सगळं हसण्यावारी न्यायचं तिने ठरवलं. आठवडाभर घोंगडी पांघरू, मग गाडी आली की घोंगडी टाकून चढू, कोण अडवतंय? पण पाय दोनदा साबणाने घासले तरी तो वास जाईना. गाडीत बसल्यावरही हा वास आपल्याबरोबर येणार, हे तिला कळून चुकलं. झोपडीचं दार उघडंच होतं. तिच्याच्याने उंबरा ओलांडवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेकिम्पिलो उंबऱ्याबाहेर येऊन बसला. तसा तो स्वभावाने आळशी. गुरं त्याला वळायची की तो गुरांना, हा वस्तीचा जुना प्रश्न. तो काडीने माती उकरू लागला.

“तुला मी नको आहे का?” त्याने विचारलं.

“तू वाईट नाहीस रे. मला जायचंय.”

“हं.” त्याने काडी मोडली. “बायको मला हवी आहे. मिळाली तर तूच हवी होतीस, खोटं कशाला बोलू. पण कोंडून घातलेली नको. चल, आजोबांशी मी बोलतो, तू नुसती मागे बस.”

ती मागे बसली आणि तो बोलला, आणि बरंच अडखळत का होईना, सगळं बोलला. खुलूंनी गुरांच्या गोठणाकडे, कुळातल्या मेलेल्यांच्या जागेकडे, पाहिलं.

“ज्याने सांगितलं त्यालाच परत घेता येतं,” ते म्हणाले. “सांगेन त्यांना, की म्हातारा चुकला. मेलेली माणसं आहेत, जिवंतांपेक्षा समजूतदार असतात. पण कोरड्या तोंडाने नाही जाता येणार त्यांच्याकडे. ज्वारीची दारू लागेल.”

दारूला जवळजवळ आठवडा लागतो. त्या दिवशी शुक्रवार होता आणि गाडी गुरुवारची. मोड आलेली ज्वारी थोबेकिलेने स्वतः दळली, घोंगडी सावरत, घामाघूम होऊन. मग दिवसातून दहादा ती मडक्याला कान लावून आतली बुडबुड ऐकायची. बुधवारपर्यंत दारू नुसती आंबट होती. गुरुवारी पहाटे फेस वर आला.

खुलूंनी गोठणात दारू ओतली, तीच नावं त्याच क्रमाने घेतली आणि साध्या आवाजात सांगितलं, की चूक माझी, पोरीची नाही, तिला जाऊ द्या. मग राखेच्या पाण्याने तिचे पाय धुतले. तिने घोंगडी काढली, घडी घातली आणि भेकिम्पिलोच्या हातात दिली. त्याने ती घेतली आणि तो गुरांकडे निघून गेला. आईने तिला पोटाशी धरलं, लगेच पेटी भरायला घेतली, आणि पावाचा एकच पातळ तुकडा तीन वेळा बांधून सोडला.

गाडी आली तेव्हा ती पेटी घेऊन रुळाजवळ उभी होती. रेनेट मॅडम उतरल्या, तिला बघून प्रसन्न हसल्या आणि पेटीकडे त्यांचं लक्ष गेलं. मग त्यांनी तिला गाडीच्या सावलीत घेतलं. मॅडमच्या बोलण्यात मार्दव होतं. मागच्या फेरीच्या पाहुण्यांनी पत्रांवर पत्रं पाठवली होती. हत्ती विसरलो, धबधबा विसरलो, पण ती रडणारी नवरी विसरता येत नाही, असं जो तो लिहीत होता. वरच्या साहेबांचा निरोप होता, की त्या मुलीला जागेवरून हलवू नका. गाडीवरच्या कामाला बुलावायोची एक मुलगी घेतली होती. पुढच्या वर्षी बघू.

“मॅडम, ते रडणं खरं होतं,” थोबेकिले म्हणाली.

“म्हणून तर,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

मागे वस्ती उभी होती. गाडी थांबते म्हणून वस्तीत चूल पेटते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिलाही. पेटी आईने उचलून नेली.

थोबेकिले चटईवर येऊन बसली. सिबांदा डोळ्यावर पट्टी बांधून परतला होता आणि सगळं नेहमीसारखं चाललं होतं. तिने मनाशी एक ठरवून टाकलं, की आज डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. दगडासारखं बसायचं. पाहुणे कंटाळतील, कुरकुरतील, मग साहेबांनाच हिला हलवावंसं वाटेल. दात आवळून ती बसली. पाय ओले झाले तरी हलली नाही. खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली, कोणीतरी घड्याळ बघितलं, आणि तिला आतून बरं वाटू लागलं.

तेवढ्यात पाहुण्यांना गार पाणी वाटत वाटत गाडीवरची नवी मुलगी चटईच्या कडेशी आली. वीसेक वर्षांची असेल, कडक इस्त्रीचे कपडे, कपाळावर घाम. नवरीला बघून ती क्षणभर थांबली आणि खाली वाकली.

“ताई, पाणी देऊ का?” ती आपल्या भाषेत हळूच म्हणाली. “ऊन किती आहे. आमच्या गाडीत आत गार असतं.”

थोबेकिलेने मान खाली घातली. आधी खांदे हलले, मग सगळंच सुटलं. पाहुणे एकेक करून उभे राहिले आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांच्या आवाजात रेनेट मॅडम तिच्या कानाशी वाकल्या. फारच सुंदर झालं, त्या म्हणाल्या, फक्त पुढच्या गुरुवारी रडणं थोडं आधी सुरू कर आणि जरा मोठ्याने, मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचत नाही.