शून्य मिनिटं बंद

परवाना कार्यालयात चार वर्षांत कॉम्प्युटर एक मिनिटही बंद पडला नव्हता. हे मी म्हणत नाही, साहेबांच्या केबिनमधला भिंतभर पडदा म्हणत होता. त्यावर हिरव्या अक्षरांत कायम एकच ओळ: बंद – शून्य मिनिटं. त्या उजेडात बसून बसून साहेबांच्या टकलावर शेवाळ धरलं होतं. बोट लावून पाहणार होतो, पण तेवढी ओळख नव्हती.

आणि केबिनच्या काचेपलीकडे, सहा खिडक्यांपुढे दीडशे माणसं ताटकळत उभी. सहाही खिडक्यांवर एकच पाटी: सर्व्हर बंद आहे.

मी निवृत्त हिशेब तपासनीस. दुसऱ्यांच्या फायलींत नाक खुपसण्याचा पगार छत्तीस वर्षं घेतला. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कंपनीचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. ते आणखी पाच वर्षं द्यायचं का, दर वाजवी आहेत का, देखरेख नीट झाली का, हे पाहायला तिघांची समिती नेमली होती. अध्यक्ष साहेब स्वतः. दुसरे उपसाहेब, यांची मान फक्त वरखाली हलायची, आडवी हलवायचा स्क्रू कुणीतरी काढून नेला होता. बाहेरचा सदस्य मी. मला का घेतलं ते पहिल्याच दिवशी कळलं. कंपनीतर्फे समोर बसला होता माझा सख्खा भाचा. चाळिशीचा, गळ्यात ओळखपत्र, तोंडावर अजीर्ण झाल्यासारखं हसू.

"या मामा, बसा," तो म्हणाला. "घरचंच काम आहे."

"घरचं असतं तर तुझ्या आईने कान धरून केव्हाच करून घेतलं असतं."

सगळे हसले. मी लगेच सांगितलं, हा माझा भाचा लागतो, मी समितीतून बाजूला होतो. साहेब म्हणाले, "छे छे! नात्याची नोंद करून ठेवू, झालं. तुमच्यासारखा अनुभवी माणूस आम्हाला कुठे मिळणार?" मी फुशारलो. भाच्याने मला मामा केलं होतंच, त्या दिवशी साहेबांनी पुन्हा एकदा केलं.

कामाला लागलो. कंपनीला दरमहा साठ कॉम्प्युटरांच्या देखभालीचे पैसे जात होते. टेबलांवर मी मोजले एक्केचाळीस. उरलेले एकोणीस तळघरात, मोडक्या खुर्च्यांखाली. त्यातल्या एकाच्या पोटात मांजर तीनदा व्यायली होती. दहा वर्षांत इतकी चोख देखभाल झालेलं यंत्र मी पाहिलं नाही, आतून रोज चाटून स्वच्छ. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, करारात साठ आहेत ना? मग साठच धरायचे."

पण खरी मेख कलम अकरामध्ये होती. 'बंदचा काळ हा तक्रार प्रणालीत नोंदवल्यापासून धरावा.' प्रणाली म्हणजे हीच, बंद पडणारी. ती बंद पडली की तक्रार नोंदवता येत नाही, तक्रार नाही म्हणून ती बंद पडलेलीच नाही, आणि बंद पडली नाही म्हणून दंड नाही. चार वर्षं पूर्ण बिल, वर उत्कृष्ट सेवेचं प्रशस्तिपत्र.

हे कलम कुण्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं असेल म्हणून मी जुन्या फायली उपसल्या. कुणाच्याच डोक्यातून निघालं नव्हतं. कंत्राट करायची घाई होती म्हणून कार्यालयाने लिफ्टच्या देखभालीचा जुना करार घेतला आणि 'लिफ्ट' खोडून 'प्रणाली' लिहिलं. लिफ्टची तक्रारवही लिफ्टच्या आतच टांगलेली असायची, म्हणून ते कलम. एके ठिकाणी तर बदल अर्धाच झाला होता: 'प्रणालीत एका वेळी सहाहून अधिक माणसांनी चढू नये.' त्याखाली चार साहेबांच्या सह्या. चौघांपैकी एकानेही वाचलेलं नाही! मला हसू आलं, आणि मग हसता हसताच डोक्यात सणक गेली. दीडशे माणसं बाहेर उभी, आणि हे चौघे न वाचता सही ठोकून जेवायला गेलेले.

देखरेखीला एकच माणूस होतं, एक लिपिक बाई. त्यांना सगळे घड्याळबाई म्हणत. प्रणाली बंद पडली की त्या मनगटाकडे बघत आणि टेबलाखालच्या वहीत लिहीत. कुणी सांगितलं नव्हतं. वही इतकी जाड झालेली, की तिच्यावर चढून पंखा पुसता आला असता. तीनशे अकरा नोंदी. नुसत्या वेळा नव्हत्या, परत पाठवलेली माणसंही होती.

'सकाळी १०.४० ते ३.१५. वायरमन. लायसन्सची शेवटची तारीख आज. परत पाठवला.'

'११.०५ ते ऑफिस सुटेपर्यंत. नर्स, रात्रपाळी करून आलेली. तिसरी खेप. परत.'

'दिवसभर. तोच वायरमन. काम सुटलं म्हणाला. ओरडला नाही.'

ते 'ओरडला नाही' वाचून मी वही मिटली. छत्तीस वर्षांत वहीवर हात आपटायची वेळ आली नव्हती, त्या दिवशी आली.

"काका, हळू," बाई म्हणाल्या. "शिलाई सैल झालीय तिची."

"ही वही बैठकीत ठेवायची."

"ठेवा. पण..." त्यांनी दाराकडे पाहिलं. बाई नोकरीत कायम नव्हत्या. दर अकरा महिन्यांनी साहेबांच्या सहीची नवी ऑर्डर, आणि चालू ऑर्डर एकतीस तारखेला संपत होती. नवरा पाठीच्या दुखण्याने वर्षभर घरात पडून, मिळवत्या त्या एकट्या.

"तुमचं नाव कुठे येणार नाही," मी म्हणालो. "सगळ्या नोंदी मी माझ्या हाताने उतरवून काढतो, विरोधी मत म्हणून माझ्या सहीने देतो. मला कोण काय करणार? पेन्शनीत निघालेला माणूस मी."

त्यांनी मान हलवली. चार दिवस मी उतरवत बसलो. बायको म्हणाली, "लग्नात पत्रिका लिहायला सांगितल्या तेव्हा हात दुखत होता तुमचा!"

अठ्ठावीस तारखेला बैठक. सकाळी दहा वीसपासून प्रणाली बंद. एरवी बैठकीचं इतिवृत्त टाइप व्हायचं आणि साहेब दोन दिवसांनी हवं तसं दुरुस्त करायचे. त्या दिवशी कपाटातलं जुनं बांधीव रजिस्टर काढावं लागलं, पानांवर छापील क्रमांक असलेलं. लिहायला बसल्या घड्याळबाई.

साहेब म्हणाले, "दर वाजवी. सेवा उत्कृष्ट. चार वर्षांत बंद शून्य मिनिटं. पाच वर्षं मुदतवाढ. सगळ्यांना मान्य?"

उपसाहेबांची मान वरखाली झाली.

"मला अमान्य," मी म्हणालो. "साहेब, आत्ता या घटकेला बंद आहे. बाहेर बघा!"

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. "शून्य दाखवतंय."

"अरे, तो पडदा कुणाचा? यांच्याच कंपनीचा! चोराच्या हातात शिट्टी देऊन वर विचारताय, वाजली का म्हणून?"

"मामा," भाचा म्हणाला, "चोर काय म्हणता चारचौघांत."

"मग चारचौघांत तक्रार नोंदवून दाखव. आत्ता. बस त्या खुर्चीवर."

भाचा बसला नाही. ओळखपत्राच्या दोरीशी चाळा करत राहिला.

मी माझं विरोधी मत टेबलावर ठेवलं, चाळीस पानांचं. साहेबांनी ते दोन बोटांनी परत सरकवलं. "हे घेता येणार नाही. कंपनीचे प्रतिनिधी तुमचे नातेवाईक. नोंद आहे आपल्याकडे. हितसंबंध असलेल्या सदस्याला विरोधी मत देता येत नाही."

"आणि संमती दिली तर?"

"संमतीला हरकत नाही."

असा संताप झाला की माझ्या टोपीखालून वाफ निघाली. समोरच्या काचेवर दव धरलं, उपसाहेबांनी रुमालाने पुसलं. "लाज वाटत नाही?" मी ओरडलो. "मला समितीत घेतलं ते याचसाठी! 'हो'ला मोकळा आणि 'नाही'ला बांधलेला!"

"बाई, लिहा," साहेब शांतपणे म्हणाले. "चार वर्षांत एकही तक्रार नाही."

घड्याळबाईंनी लिहिलं. मग खालची ओळ सोडली, टेबलाखालून आपली वही काढली, मांडीवर उघडली आणि पुढे लिहायला लागल्या.

"काय लिहिताय?"

"देखरेख लिपिकाचं निवेदन, साहेब. ते घ्यावं लागतं. करारात आहे, कलम अठरा. लिफ्टमनचं निवेदन होतं ते, तुम्ही लोकांनी खोडून लिपिक केलंय."

मी म्हणालो, "बाई, नको. मी बघतो काहीतरी."

"काका, तुम्ही बघितलंत. आता बसा."

साहेब पुढे वाकले. आवाज अगदी मऊ केला. "तुमची ऑर्डर एकतीसपर्यंतच आहे, आठवण आहे ना?"

"आहे ना, साहेब. आज अठ्ठावीस. तीनशे अकरा नोंदी आहेत, तीन दिवसांत होतील." आणि मान वर न करता, "आज धरून तीनशे बारा."

छापील क्रमांकाचं पान. फाडलं असतं तर खालचा आकडा बोंबलला असता. साहेब केबिनभर फेऱ्या मारत राहिले. भाच्याने बाईंच्या खांद्यावरून रजिस्टर वाचत विचारलं, "तो वायरमन... त्याचं पुढे काय झालं?" बाई म्हणाल्या, "खिडकी चारवर विचारा. अजून येतो."

रजिस्टर वरच्या कार्यालयात गेलं आणि पाच वर्षं रद्द झाली. सहा महिन्यांची मुदतवाढ, त्यात नवं कंत्राट मागवायचं, कलम अकरा काढून टाकायचं. एवढं झालं. घड्याळबाईंची ऑर्डर एकतीसला संपली आणि पुढची निघालीच नाही. त्यांच्या जागी कोण, म्हणून मी विचारायला गेलो. साहेब म्हणाले, "आता वेगळं माणूस कशाला? देखरेख कंपनीच करते."

तेव्हापासून मी रोज दहाला तिथे जाऊन बाकावर बसतो. बाईंनी संध्याकाळी फोन करून विचारायचं, मी वेळा सांगायच्या, त्या घरी वहीत उतरवतात, नवरा आकडे तपासतो. पहारेकऱ्याने काल हटकलं, "आजोबा, काम काय आहे तुमचं?"

म्हटलं, "हेच."

काल अकरा सातला बंद पडलं. भाचा येऊन बाकावर शेजारी बसला, आणि वेळ त्यानेच सांगितली.