गाल की केस

डॉक्टरांनी माझ्या पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि मान हलवली. "चरबी एवढीच?"

एवढीच. लाँड्रीत वाफेचा पाइप फुटून माझा उजवा गाल आणि कानाच्या वरचं डोकं भाजलं, त्याला वर्ष होत आलं. पोटाची चरबी काढून सुईने व्रणात सोडली की कडक झालेली कातडी मऊ पडते, असं डॉक्टर म्हणाले होते. डोक्यावर मग पुढे केसही लावता येतील. पण चरबी माझीच हवी. "माझी घ्या की, भरपूर आहे," असं ताई तेव्हा अगदी गंभीरपणे म्हणाली होती.

मग ती मला खाऊ घालत सुटली. लोणी, केळी, दूध, नको म्हटलं तर शपथा. पण माझ्या पायांना कुठली चैन? जेवण झालं की घरभर येरझाऱ्या. गाल आणखी वाकडा झाला तर? डॉक्टरांचा हात चुकला तर? खाल्लेलं सगळं मी चालून जिरवलं. "बूड टेक गं बाई एका जागी!" ताई ओरडायची. मी बसायची आणि पाय हलवत राहायची.

ओरडायची, पण थट्टा करायची नाही. तेच मला आतून खात होतं. मयताच्या घरीही हशा पिकवणारी माझी ताई. भाजल्यानंतर एकदा तिने केलेल्या नकलेला मी खळखळून हसले, गालाला भेग पडून रक्त आलं, आणि तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप घातलं.

"दोन्हीकडे पुरणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आज गाल किंवा डोकं. दुसऱ्याचं, अंगावर काही चढलं तर पुढे बघू."

"डोकं," ताई लगेच म्हणाली. "केस आले की गालावर ओढून घेता येतील. बाहेर तरी पडशील."

"गाल," मी म्हणाले. "झाकून काय करू? मला हसायचंय, ताई. तू मला हसवायचं सोडलंस, त्याचा इतका राग येतो ना मला!"

ताईचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी पेन घेतलं आणि माझ्या गालावर रेघ ओढायला सुरुवात केली. "ऑपरेशननंतर काही आठवडे मात्र अजिबात हसायचं नाही."

"मग एक विनोद आत्ताच सांगून टाकते," ताई नाक पुसत म्हणाली.

डॉक्टरांनी पेन माझ्या गालावरून उचललं आणि थांबले.