रॉडला हात लावायचा नाही

मामाचा स्वभाव मुळातच संशयी. डॉक्टरांनी डोकेदुखीची गोळी लिहून दिली, तरी हा पठ्ठ्या औषधांच्या दुकानात नोकरीला असलेल्या भाचीला विचारणार, "बाळ, ही खरंच डोकेदुखीचीच आहे ना?" पण गिटार दुरुस्तीच्या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा स्वभाव शोभायचा, हे मान्य करायला हवं. कुणाला जुनी गिटार घ्यायची असली की तो आधी मामाला गाठायचा. मामा "घे" म्हणाला की डोळे मिटून घ्यायची, "सोड" म्हणाला की मागे वळून बघायचं नाही.

ह्या वेळी पाळी भाचीचीच होती. दोन वर्षं ती मैत्रिणीची बेस गिटार उसनी घेऊन वाजवत होती. मैत्रीण लग्न होऊन परगावी गेली आणि बेसही तिच्याबरोबर गेली. नेमकं त्याच महिन्यात एका चांगल्या बँडने भाचीला घेतलं, पण रविवारच्या तालमीला स्वतःची बेस घेऊन ये, नाहीतर आम्ही दुसरं कुणीतरी बघू, असं तोंडावर सांगून. आज शनिवार होता. काल रात्री तिला एक जाहिरात दिसली होती, आणि तिच्यातली किंमत ऐकून मामाने कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

"एवढी स्वस्त? कुठेतरी पाणी मुरतंय."

"मामा, तू आधी बघ तरी."

"बघतो ना. डोळ्यांत तेल घालून बघतो. तू फक्त तिथे गेल्यावर 'अय्या, किती छान' असं काही म्हणू नकोस. चेहरा आंबट ठेव."

विकणारा माणूस कवळ्या बनवायचा. हार्डवेअरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्याची लांबोडकी खोली होती, मधे लाकडी टेबल आणि टेबलावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले. गरम मेणाचा वास येत होता. माणूस पंचेचाळिशीचा, एप्रन घातलेला, फार नम्र. नम्र माणूस दिसला की मामाच्या मनात पाल चुकचुकायचीच. त्यातून खोलीच्या कोपऱ्यात अॅम्प्लिफायर आधीच चालू करून ठेवला होता.

"हा आधीपासून का चालू?" मामाने विचारलं.

"तुम्ही येणार होतात म्हणून."

"हं," मामा म्हणाला, आणि भाचीकडे बघून त्याने एक भुवई उडवली.

मग त्याने पिशवी उघडली. स्वतःची केबल, स्वतःची नऊ व्होल्टची बॅटरी, स्क्रू ड्रायव्हर, छोटी टॉर्च. दुसऱ्याच्या केबलवर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा पहिला धडा होता. खराब केबलची खरखर लोक बेसच्या माथी मारतात आणि बेसची खरखर केबलच्या. अॅम्पचे सगळे नॉब त्याने मधोमध आणले. "बघ, ह्याने खर्जाचा आवाज फुल ठेवला होता," तो भाचीच्या कानात कुजबुजला. "एवढ्या गडगडाटात कुणाला काय ऐकू येणार!"

"मला तसाच आवडतो," कवळीवाला म्हणाला. त्याने ऐकलं होतं. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेस काळी होती, चकचकीत. मामाने आवाजाचा नॉब पाच-सहा वेळा गर्रकन फिरवला. जराशी खरखर झाली आणि थांबली. धूळ. त्याने सॉकेटमध्ये केबल हलवून पाहिली, मग तारांखालच्या चुंबकी पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हळूच टेकवलं. टक. दुसऱ्यावर, टक. दोन्ही जिवंत. मागचं झाकण काढून टॉर्च मारली, आतले वायरींचे टाके तपासले. सगळे मूळ कारखान्याचे, कुणी हात लावलेला नाही. सगळं इतकं ठीकठाक होतं की मामाचा संशय आणखी वाढला.

"रंग नवा आहे," तो म्हणाला.

"हो, मीच करून घेतला. नंतर."

"नंतर म्हणजे? कशानंतर?"

"वाजवणं सोडल्यानंतर. भिंतीवर टांगायची होती."

वाजवणं सोडल्यावर कोण रंग देतं हो? मामाने बेस उचलून बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरली आणि मानेच्या कडेवरून लांबवर नजर टाकली. सापडलं! मान पुढे वाकली होती, चांगलीच. मामाचा चेहरा उजळला. दोष सापडला की त्याला लॉटरी लागल्यासारखं व्हायचं.

"मान वाकलीय," त्याने जाहीर केलं. "घाबरू नकोस गं, हा काही रोग नाही. मानेच्या आत लोखंडी रॉड असतो. तारा मानेला पुढे ओढतात, रॉड मागे ओढून धरतो. किल्लीने पाव फेरा द्यायचा, एक दिवस थांबायचं, परत पाव फेरा. घाई केली तर मेलात." आणि त्याने पिशवीतून किल्ली काढली.

"नको!" कवळीवाला पटकन पुढे आला. "रॉडला हात लावायचा नाही."

मामाने किल्ली खाली घेतली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "का बरं?"

"मिस्त्रींनी सांगितलंय. मी एकदा दुरुस्तीला दिली होती, तेव्हा. रॉड कायमचा सेट केलाय, कधीही हात लावू नका, आणि तारा बारीकच वापरा. मी आजवर पाळलंय."

"कायमचा सेट!" मामा मोठ्याने हसला. "ऐकलंस? रॉड कधी कायमचा सेट होत नाही, बये. हवा बदलली की मान बदलते. तुमच्या मिस्त्रीने तुम्हाला सरळसरळ टोपी घातलीय, साहेब."

"त्यांच्याबद्दल असं बोलू नका," कवळीवाला म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

पण मामा आता कुणाचं ऐकतो! मानेच्या टोकाला असलेल्या चिमुकल्या झाकणाचे दोन स्क्रू त्याने काढले आणि आत टॉर्च मारली. रॉडच्या नटाभोवती काळसर रेघ होती. त्याने नखाने टोकरून पाहिली. "गोंद! बाळ, इकडे ये, बघ. नट गोंदाने चिकटवलाय. म्हणजे आत रॉड तुटलाय. कुणीतरी बेताल पिळला, तुटला, आणि ह्या गृहस्थांना कळू नये म्हणून नट परत जागेवर चिकटवून वर झाकण लावलं. बारीक तारा कशाला? तर ताण कमी पडावा, चार महिने मान सरळ दिसावी. आणि हात लावू नका कशाला? तर भांडं फुटू नये! हरामखोर माणूस. पण चोराचा हात साफ आहे हं, गोंदात पेन्सिलीच्या शिशाची पूड मिसळलीय, लोखंडाच्या रंगाला रंग…"

इथे मामा थांबला.

गोंदात शिशाची पूड मिसळणारा एकच कारागीर त्याला ठाऊक होता.

"पूर्वी," त्याने विचारलं, "पूर्वी कुठला रंग होता हिचा?"

"पांढरा. का हो?"

जिन्याखालचं दुकान, बाजूला शिंपी. मामाला तेव्हा छातीपर्यंत दाढी होती आणि अंगावर मांस नव्हतं. एक पोरगा पांढरी बेस घेऊन आला होता, परवा जहाजावरच्या बँडची परीक्षा आहे म्हणाला होता. मामाने घाईत रॉड पिळला, नट जड लागला, तरी आणखी अर्धा फेरा दिला. आतून कट्ट असा आवाज आला. तो आवाज मामाला एकोणीस वर्षं अधूनमधून ऐकू यायचा. त्या पोराला मात्र तो विसरून गेला होता.

आता मामा काही संत नाही. त्याने पहिल्यांदा काय केलं? झाकण बसवलं, स्क्रू पिळले आणि भाचीला म्हणाला, "चल. ही नको. मान गेलीय."

भाचीचा चेहरा पडला. "मामा, उद्या तालीम आहे."

"बाळा, तुला हवी असेल तर तशीच ने," कवळीवाला तिला म्हणाला. "पैसे राहू देत. बेसमध्ये काही खोट नाही गं. खोट माझ्या बोटांत होती. बाराव्या पट्टीच्या पुढे गेलो की तारा थडथडायच्या. पहिली परीक्षा निभावली, जहाजावर चढलो, आणि सहा महिन्यांत मला उतरवलं. म्हणाले, हात स्वच्छ नाही. मी तीन वर्षं रोज चार-चार तास घासलं. नाहीच आलं. त्या मिस्त्रींनी तर मान सरळ करून दिली होती, वर एक पैसाही घेतला नाही माझ्याकडून! पोरगा गरजू दिसतोय म्हणून. असा देवमाणूस मला परत भेटला नाही. आणि हे तुझे मामा त्यांना हरामखोर म्हणतात."

मामाने डोळे मिटले. शिव्या खाणं त्याला सोपं गेलं असतं. हे देवमाणूस प्रकरण मात्र त्याला गिळवेना.

"तो मी होतो," तो म्हणाला.

"कोण?"

"मिस्त्री. जिन्याखालचं दुकान. रॉड मी तोडला. तुमच्या बोटांना काही झालेलं नव्हतं."

कवळीवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग हसला. "वा! भाव पाडायची ही तऱ्हा नवीन आहे. अहो, मी फुकट देतोय, आता आणखी किती पाडणार? ते मिस्त्री काडीसारखे होते. दाढी होती त्यांना."

"दाढी काढली. पोट आलं."

"पुरे करा. सकाळपासून बघतोय, माझा अॅम्प खोटा, माझा रंग खोटा. आता माझा मिस्त्रीही तुम्हीच!"

जन्मभर दुसऱ्यावर संशय घेतलेल्या माणसावर स्वतःचा गुन्हा शाबीत करायची वेळ आली. मामाने भाचीकडे पाहिलं. "नट काढून बघा," मामा शेवटी म्हणाला. "नुसता नट नाही निघणार. त्याच्यात रॉडचं तुटलेलं टोक असेल, अर्ध्या बोटाएवढं. आणि नटामागच्या लाकडावर पेन्सिलीने तारीख लिहिलेली असेल. मी लिहायचो तेव्हा."

तो किल्ली घेऊन पुढे सरसावला. "थांबा, तुम्ही लाकूड फोडाल," कवळीवाला म्हणाला. त्याने कवळीचे दात घासायचं बारीक मशीन उचललं, डोळ्याला भिंग लावलं आणि नटाभोवतीचा गोंद उडवायला सुरुवात केली. मशीन मिनिटाला हजारो फेरे घेत होतं, पण त्याची बोटं दगडासारखी स्थिर होती. लाकडाला ओरखडासुद्धा गेला नाही. मामा ती बोटं बघत राहिला आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

नट निघाला. त्याच्यात रॉडचं तुटलेलं टोक होतं. कवळीवाल्याने आत टॉर्च मारली, बराच वेळ बघितलं. तारीख वाचली असावी, कारण त्याचे ओठ हलले. मग त्याने ते टोक तळहातावर घेतलं आणि खुर्चीत बसला.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "रोज चार तास. बायको म्हणायची, कशाला जिवाला त्रास करून घेतोस, नाही तुझ्या हातात. मलाही पटलं ते."

"मी चुकलो," मामा म्हणाला. "दुसरी मान बसवून देतो. आजच. माझ्या खर्चाने."

"नको." तो ओरडला नाही, हेच मामाला जास्त लागलं. तो भाचीकडे वळला. "ही आता मी विकणार नाही, बाळा. पण उद्याची तुझी तालीम चुकायला नको. खालच्या पट्ट्यांवर बरी वाजते. घेऊन जा, सोमवारी आणून दे. फक्त ह्यांच्या हातात देऊ नकोस. आणि तुझ्यासाठी दुसरी बघशील, ती दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घे."

"हो," भाची म्हणाली.

मामाला वाटलं होतं, ती निदान काहीतरी बोलेल. निदान "तसं नाही हो काका" एवढं तरी.

रस्त्यावर ऊन तापलं होतं. बेस जड असते. मामाने सवयीने बॅगेच्या पट्ट्याकडे हात नेला. भाचीने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. भांडण नाही, काही नाही, नुसती घेतली. दोघं कोपऱ्यापर्यंत आले.

"मामा," ती म्हणाली, "शाळेत असताना माझी गिटार पडली होती. मान तुटली होती. तू जोडून दिलीस."

"हो. छान जोडली होती."

"आईने पैसे विचारले, तर तू घेतले नव्हतेस."

"तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे गं?" मामा म्हणाला. त्याचा आवाज उगाचच मोठा झाला, आणि खोटं बोलणाऱ्याचा होतो तसा झाला, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्या गिटारीत त्याने खरंच काही लपवलं नव्हतं. तीन दिवस क्लँप लावून ठेवली होती, रात्री उठून गोंद वाळला का ते बघितलं होतं. पण हे आता कुठल्या तोंडाने सांगायचं? मान उघडून दाखवावी, तर ती गिटार भाचीने केव्हाच कुणाला तरी विकून टाकली होती.

"असंच विचारलं," भाची म्हणाली, आणि त्याच्याकडे बघत राहिली.