क्वीनीला सांगितलेलं

शिरोड्याच्या बर्नादेतबाईचं आणि तिच्या सुनेचं, ग्लिनिसचं, बोलणं ईस्टरपासून बंद होतं. भांडण मात्र दोन्ही वेळ व्यवस्थित चालू होतं. ते क्वीनीमार्फत चालायचं.

क्वीनी म्हणजे ग्लिनिसची पर्शियन मांजर. अबोल्याचं कारण क्वीनी नव्हे. बर्नादेतचा नवरा रोझारियो ज्या खोलीत वारला, ती खोली सुनेनं रंगवून पर्यटकांना भाड्यानं दिली, तीही सासूला न विचारता! आता कोणती बाई हे खपवून घेईल? बर्नादेतनं देव्हाऱ्यातल्या सायबिणीपुढं मेणबत्ती लावून शपथ घेतली, या पोरीशी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. पण एका स्वयंपाकघरात दोन बायका तोंड शिवून किती दिवस वावरणार?

"काय गो क्वीने," बांगडे साफ करता करता बर्नादेत सुरू करायची, "नाक खंय ठेवलंस गो? जन्मतानाच कोणी तोंडार दार आपटल्यान काय?"

"क्वीनी, तिका सांग," कंगवा फिरवत ग्लिनिस म्हणायची, "तुझे पूर्वज इराणातसून व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेले. थंय मोठमोठ्या घराण्यांनी तेंका पाळल्यानी. ह्या घरात कोणाक किंमत नाय."

"इराणातली मगे इराणात जा! हय येवन एक उंदीर तरी मारलंस?"

आणि क्वीनी? ती जातीचीच शांत. सायीच्या रंगाचे लांबलचक केस, आखूड पाय, तांब्याच्या पैशासारखे डोळे आणि त्यांतून सदा गळणारं पाणी. उडी नाही, धावपळ नाही, आवाज तर इतका बारीक की शेजारी ऐकू जाणार नाही. दोघींच्या मधे बाकावर पसरून दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि जांभई द्यायची. गावठी बोका असता तर पहिल्याच दिवशी शेपूट वर करून पळाला असता.

मग एके संध्याकाळी जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाचा, क्लाइव्हचा फोन आला. त्याचा आवाज अगदी थकलेला होता. "मांय, तुमचां दोघींचां जमणा नाय, तर मी सावंतवाडीक फ्लॅट बघतंय. ग्लिनिस थंय रवात."

बर्नादेतनं फोन ठेवला. एवढ्या घरात एकटी? रात्री छातीत कळ आली तर हाक कुणाला मारायची? तिला सून हवी होती, अगदी मनापासून हवी होती. शहाण्या बाईनं त्या दिवसापासून जीभ आवरली असती. पण भ्यायली की हिची जीभ जास्तच सुटते, त्याला काय करणार!

दुसऱ्याच दुपारी सोलकढीत क्वीनीचा केस निघाला. झालं! वाटी आदळली.

"केसांचो झुपको मिरवतंस गो नुसतो! रूप घेवन काय चाटूचा? सगळां आयता गिळतंस, पोट मात्र रिकामाच. पोर म्हणशात तर एक नाय!"

कंगवा थांबला.

ग्लिनिसची दोन मुलं पोटातच गेली होती. दुसरं गेलं तेव्हा तिच्या उशाशी बसून रात्रभर तिचा हात धरणारी हीच बर्नादेत. ग्लिनिसनं कंगवा बाकावर ठेवला. मांजर उचललं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

'मी माजराक सांगलंय,' बर्नादेत स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत राहिली. इतके दिवस काय काय बोलून झालं होतं, सगळं मांजराच्या नावावर! त्यातलं काही माणसाला लागत असेल, हे तिनं कधी धरलंच नव्हतं. मग आजचंच एवढं का लागावं? तिला खरंच कळेना आणि कळेना म्हणून ती आणखी चिडली. रात्रीचं जेवण तिनं एकटीनंच केलं.

सकाळी दारात गावातल्या बाळा रिक्षावाल्याची रिक्षा उभी राहिली. ग्लिनिस दोन बॅगा आणि मांजराची टोपली घेऊन बाहेर पडली.

"क्वीने," बर्नादेत पायरीवरून ओरडली, "तुझ्या बाईक सांग, असल्या उन्हाचां खंय जाव नको!"

ग्लिनिस टोपली मांडीवर घेऊन रिक्षात बसली. बाळानं रिक्षा सुरू केली. तेव्हा मात्र बर्नादेतला राहवेना. शपथ गेली खड्ड्यात! ती अनवाणी धावली आणि रिक्षाचा दांडा धरला.

"ग्लिनिस!" ईस्टरनंतर पहिल्यांदा तिनं सुनेचं नाव घेतलं. "मी चुकलंय गो. तां मी माजराक नाय, तुकाच बोललंय. जाव नको. एकटीक रवूक माका जमाचा नाय."

बाळानं मान दुसरीकडे वळवली. ग्लिनिसनं सासूकडे नीट पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून. मग ती टोपलीवर वाकली. झाकणातून बाहेर आलेले क्वीनीचे केस तिनं बोटानं सावकाश आत सारले.

"क्वीनी," ती म्हणाली, "तिका सांग, माका काय ऐकाक येवक नाय. आणि बाळा, तू रिक्षा काढ रे."