केसभर सरकलेलं नागपूर

बाबा दसऱ्याच्या आधी गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी रेडिओचा काटा नागपूर केंद्रावर लावला होता. आईने तो तिथेच ठेवला. आवाजाचं बटण ती फिरवी, काट्याच्या बटणाला मात्र कुणाला हात लावू देत नसे. धूळसुद्धा तेवढं बटण सोडून पुसायची. काशीत ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात मराठी बोलायला आता आम्ही दोघी आणि दत्ताकाका. चौथं माणूस म्हणजे संध्याकाळच्या नागपूरच्या बातम्या.

१९७८च्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी बातम्यांच्या जागी शिट्टी आली. तिच्यामागे निवेदक, नाक धरून बोलावं तसा.

"रेडिओचं लायसन्स दादांच्या नावावर होतं ना?" काका म्हणाले. "मग झालं! माणूस गेला, जागा काढून घेतली. अहो, घाटावर पूजा सांगणाऱ्या घाटियाची छत्रीसुद्धा वर्षश्राद्धाआधी कुणी हलवत नाही!"

मी वर्तमानपत्र दाखवलं. अर्ध्या जगातल्या देशांनी जिनिव्हात बसून मध्यम लहरींवरच्या जागा नव्याने वाटल्या होत्या. पूर्वी जागाजागांत दहा किलोहर्ट्‌झचं अंतर असे, आता नऊचं. आपली केंद्रंही एका दिवसात सरकली होती. नागपूर केसभर.

"म्हणजे सगळ्या घाटियांना एकेक वीत सरका म्हणायचं," काका म्हणाले. "पंचगंगा घाटावर करून दाखवा म्हणावं जिनिव्हाला. लाठी चल जाएगी!"

"काटा तेवढा सरकवू या का, आई?"

"नाही."

त्यानंतर आम्ही रोज शिट्टी ऐकली. काका पाठशाळेत वेद शिकवत. शेवटी ते शास्त्रातून वाट काढून आले, मुठीत अक्षता घेऊन.

"वहिनी, विधी करून हलवू. गणपती उचलण्याआधी अक्षता टाकून मूर्ती जराशी हलवतो ना, तस्संच. मापही तेवढंच, केसभर."

"भाऊजी, त्याला उत्तरपूजा म्हणतात," आई म्हणाली. "त्यानंतर गणपती घरात नसतो."

काकांची मूठ मिटलेलीच राहिली.  रेडिओ चालूच होता. निवेदक संत्र्यांबद्दल काहीतरी सांगत होता. महाग झाली की स्वस्त, ते शिट्टीने गिळलं.

"हे असते तर पहिल्याच शिट्टीला उठले असते," आई एकदम म्हणाली. "जेवणावरून उठायचे. खरकट्या हाताने."

मग तीच उठली. बाबांसारखा श्वास रोखून, जिभेचं टोक दातांत धरून तिने ते धुळीचं बटण फिरवलं. शिट्टी बारीक झाली, बुडाली, आणि निवेदक सर्दी उतरल्यासारखा स्वच्छ बोलू लागला.

काकांनी हळूच रेडिओवर अक्षता टाकल्या. "पुनरागमनाय च..."

"भाऊजी, गप्प बसा हो! बातम्या चालू आहेत."

बोटांना लागलेली धूळ तशीच ठेवून ती ऐकत राहिली. संत्री स्वस्त झाली होती.