एक मिलिमीटर उजवीकडे

मी चिडका माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बायको सांगेलच. पालिकेच्या नकाशा विभागात मी एकोणतीस वर्षं हाताने नकाशे काढले. तिरकं टेबल, ट्रेसिंगचा कागद, शाईचं पेन, आणि चुकलं तर खरवडायला ब्लेड. मग टेबलं तळघरात गेली, कॉम्प्युटर आले आणि वरच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. सहा महिन्यांत जीआयएस शिका, म्हणाले. जमलं तर इथेच राहा, नाही जमलं तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर एक जागा रिकामी आहे. चौपन्नाव्या वर्षी हे ऐकून माझं डोकं असं तापलं की मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही.

जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरमधला नकाशा, आणि त्यात प्रत्येक गोष्टीचा वेगळा थर. रस्त्यांचा एक, पाण्याच्या लाइनचा एक, ड्रेनेजचा एक. हवा तो दाखवायचा, नको तो झाकायचा. आता हे दोन ओळींत सांगतोय, पण डोक्यात शिरायला दोन महिने लागले.

शिरलं ते मॅडममुळे. मॅडम आमच्या विभागप्रमुख, वयाने माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. ही पोर आता मला शिकवणार, असं मनातल्या मनात म्हणत मी पहिल्या दिवशी तिच्यासमोर तोंड फुगवून बसलो होतो. तिने लक्षच दिलं नाही. "काका, हे असं धरा," म्हणाली आणि माऊस माझ्या हातात दिला. पुढे एकच गोष्ट मी तिला दहा-दहा वेळा विचारली. अकराव्यांदाही ती खुर्ची ओढून शेजारी बसायची. "मागे सांगितलं होतं ना" हे वाक्य तिच्या तोंडून कधी आलं नाही. माझ्या तोंडून मुलींचा अभ्यास घेताना ते किती वेळा आलं असेल, ते आठवून मला लाज वाटायची.

तिसऱ्या महिन्यात तिने एक अख्खा वॉर्ड माझ्यावर सोपवला. कपाटातल्या जुन्या मोजणी वह्या घ्यायच्या, त्यातले जागेवर मोजून लिहिलेले आकडे बघून पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन कॉम्प्युटरवर काढायच्या. मी त्या कामाच्या अक्षरशः प्रेमात पडलो. डबा खायला उठायचंही जिवावर यायचं. खिडकीवर जायची धास्ती आता वेगळ्या कारणाने वाटायला लागली. आधी अपमान वाटत होता, आता हे काम सुटेल याची भीती होती.

सहा महिने संपायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा माझ्या वॉर्डातल्या एका गल्लीत ड्रेनेज तुंबलं. चेंबरची झाकणं कधीच डांबराखाली गेलेली. खोदकामाच्या टोळीचा मुकादम माझ्या नकाशाची प्रत घेऊन गेला, दाखवलेल्या जागी पुरुषभर खणलं, तर खाली नुसती माती. मग त्याने अंदाजाने बाजूला मशीन लावलं आणि पाण्याची मोठी लाइन फुटली. गल्ली दोन दिवस कोरडी. नकाशा न बघता खोदकाम केलं म्हणून मुकादमाला मेमो मिळाला. आठवड्यात लेखी खुलासा द्या, नाहीतर निलंबन.

तो चिखलाच्या बुटांनीच माझ्याकडे आला.

"साहेब, एकच विचारतो. नकाशा बरोबर आहे ना?"

"म्हणजे काय? मोजणी वहीतला एकेक आकडा बघून काढलाय मी," मी फणकारलो.

"मग माझंच कुठेतरी चुकलं असणार. बावीस वर्षांत हा पहिलाच मेमो. असो."

तो गेला, पण ते 'असो' काही माझ्या कानातून जाईना. मी वही काढली, त्या गल्लीचं पान उघडलं आणि स्क्रीनकडे बघितलं. वहीत ड्रेनेजची लाइन पाण्याच्या लाइनच्या बरोबर खाली होती. स्क्रीनवर दोन्ही शेजारी शेजारी होत्या, मध्ये दोन मीटर.

कसं झालं हे कळायला मला मिनिटही लागलं नाही. कागदावर दोन रेघा एकावर एक आल्या तर खालची दिसत नाही. म्हणून आम्ही आरेखक खालच्या रेघेला जागा करून द्यायचो. ड्रेनेजची रेघ एक मिलिमीटर उजवीकडे सरकवायची. नकाशा वाचणाऱ्या जुन्या इंजिनिअरना ते ठाऊक असायचं. मोठ्या आरेखकांनी मला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं आणि एकोणतीस वर्षांत ते हातात इतकं मुरलं होतं, की कॉम्प्युटरवर रेघा एकमेकींवर आल्याबरोबर मी ती आपोआप सरकवली होती. इथे थर झाकता येतो, सरकवायची गरजच नाही, हे डोक्याला समजलं होतं, हाताला कोणी सांगितलंच नव्हतं. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दोन मीटर. वॉर्डात अशा शंभरेक जागा तरी होत्या.

मी वही मिटली. तेव्हा एक घाणेरडा विचार मनात आला, तो लपवत नाही. उरलेल्या दिवसांत एकेक रेघ गुपचूप मागे सरकवली असती, तर कोणाला पत्ताही लागला नसता. मेमो तेवढा मुकादमाच्या नावावर राहिला असता.

घरी जेवताना बायको म्हणाली, "काय झालंय? आज भाजीला नावं ठेवली नाहीत तुम्ही."

मी सगळं सांगितलं. ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली.

"अहो, खिडकीवर बसलात म्हणून मी काय तुम्हाला घराबाहेर काढणार आहे?" ती म्हणाली. "पण तो मुकादम आत्ता त्याच्या घरी काय सांगत असेल हो?"

सकाळी मॅडम यायच्या आधीच मी त्यांच्या दारात उभा होतो. वही समोर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. तो गुपचूप सरकवायचा विचारसुद्धा सांगितला, का कोण जाणे. त्यांनी वही स्वतःकडे ओढली.

"किती सरकवायचात?"

"एक मिलिमीटर."

"कुठल्या बाजूला?"

"पाणी वाहतं तिकडे तोंड केलं की उजव्या हाताला."

"नेहमी?"

"नेहमीच. डावीकडे सरकवली तर मोठे आरेखक पट्टीने बोटांवर मारायचे."

मॅडम ताठ बसल्या. "काका, बाकीचे बारा वॉर्ड आपण जुन्या कागदी नकाशांवरून कॉम्प्युटरवर घेतलेत. त्या कागदांवर पण सरकवलेलंच असेल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "असणारच. सगळे तसेच काढायचे."

"मग हे लिहून कुठे ठेवलंय?"

"लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीतच होतं."

"सगळे म्हणजे कोण?"

मी बोटं मोजायला लागलो. जुने इंजिनिअर केव्हाच निवृत्त होऊन पांगले. मोठे आरेखक गेले त्याला बारा वर्षं झाली. एकजण परगावी मुलाकडे असतो, त्याला आता माणसं ओळखू येत नाहीत. तिसरा मागच्या वर्षी गेला. मी मोजायचा थांबलो.

"मी," मी म्हणालो.

दुपारी आम्ही तिघं त्या गल्लीत होतो. मॅडमनी नवीन जागा काढली, मी डांबरावर खडूने फुली मारली आणि मुकादमाच्या माणसांनी मशीन न लावता हाताने खणायला घेतलं. दीड तास मी खड्ड्याच्या काठावरून हललो नाही. आधी दुरुस्त केलेली पाण्याची लाइन दिसली आणि तिच्या खाली, माणूसभर खोलीवर, पहार ठक्क करून वाजली. मुकादमाने हाताने माती बाजूला केली. ड्रेनेजचा पाइप होता. मी तिथेच रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसलो.

मॅडमनी अहवालात काही झाकलं नाही. चूक माझ्या नावानिशी लिहिली आणि ती मी स्वतःहून सांगितल्याचंही लिहिलं. ते मला बरं वाटलं. झाकलं असतं तर मला त्यांच्याकडे बघता आलं नसतं. मेमो मागे घ्यायला वरच्या साहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. मुकादमाचा कागद फाडून झाला आणि साहेब माझ्याकडे वळले.

"सहा महिन्यांच्या परीक्षेत शंभर चुका. काय करायचं तुमचं?"

मॅडमनी तोंड उघडलं होतं, पण मुकादम आधी बोलला. त्याला खरं तर बाहेर जायला सांगितलं होतं.

"साहेब, यांना हलवू नका. नकाशावाले आजवर मला एकच सांगत आले, तूच चुकीचं खणलंस. माझं चुकलं असं म्हणणारा हा पहिला माणूस. यांना खिडकीवर बसवलंत, तर कुठे खणायचं ते मी विचारू कोणाला?"

ज्याच्या गळ्यात मी माझी चूक बांधणार होतो, तो माझ्यासाठी हात जोडून उभा होता. मला रडू आलं. चारचौघांत, साहेबांच्या टेबलासमोर. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि शांतपणे सांगितलं की बारा वॉर्ड तपासायचे आहेत, नियम लिहून काढायचा आहे आणि तो माहीत असलेला माणूस पालिकेत एकच आहे. साहेबांनी मला इथेच ठेवायच्या कागदावर सही केली. त्या दोघांचे उपकार मी कसे फेडणार, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर पोचायच्या आतच मुकादमाचा फोन आला. दुसऱ्या एका वॉर्डात ड्रेनेज फुटलं होतं.

"साहेब, नकाशा हातात आहे. पण तुम्ही सांगा, कुठे खणू?"

"आधी पाणी कुठल्या दिशेने वाहतं ते बघा," मी म्हणालो, "आणि मशीन लावू नका. मी येतोय."